परकायाप्रवेश

ज्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या फियाटच्या स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला आणि "साहेब, बुश गेलेत, उद्या बसवून देतो" असे निर्विकार चेहऱ्याने सांगितले, त्या दिवशी मी नुसते "बरे" म्हटले असते, तर माझ्या गृहस्थाश्रमातील पाच महिने, ओसरीवरच्या शहाबादी फरशीचा मूळ रंग आणि कुटुंबाशी असलेले माझे सलोख्याचे संबंध ही तिन्ही शाबूत राहिली असती. परंतु 'बुश' हा शब्दच मला अपमानास्पद वाटला. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून मी तेहतीस वर्षे इतरांच्या चुका काढण्यात घालवली होती, आणि माझ्या मालकीच्या यंत्रात दोष निघावा तो अंगठ्याच्या पेराएवढा, तोही बाजारात शंभराच्या आत मिळणारा, हे मनाला पटेना. मोठ्या डॉक्टरांची मुद्दाम वेळ घ्यावी आणि त्यांनी "काही नाही, गॅसेस आहेत" म्हणून घरी धाडावे, तेव्हा रोग्याला आनंद होतो असे ज्यांना वाटते त्यांनी रोगी पाहिलेले नाहीत.

शिवाय काळ माझ्या अहंकाराला अनुकूल होता. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची फियाट टॅक्सी निवृत्त झाली, वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, आणि तोवर ज्या माझ्या गाडीमागे लोक बेमुर्वतपणे भोंगे वाजवीत तिची सिग्नलला उभी असताना तरुण मुले छायाचित्रे काढू लागली. त्यांचे फोन गाडीकडे रोखलेले असत हे मला कळत होते. तरी मी मान किंचित तिरपी करून, दूरच्या क्षितिजाकडे पाहत बसत असे. अशा ऐतिहासिक पुरुषाने बुश बदलून घ्यायचे? छे! मी गिअरबॉक्सच बदलायचे ठरविले, आणि तेही स्वहस्ते.

माझ्या निर्णयाला तात्त्विक अधिष्ठान नव्हते असे नाही. आमच्या फियाट डिलाइटमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, आणि गिअरबॉक्स खाली इंजिनाच्या पाठीशी. म्हणजे हुकूम एकीकडे सुटतो आणि अंमल दुसरीकडे व्हायचा असतो. मधल्या सळया, कोपरे आणि सांधे यांतून तो हुकूम ज्या रीतीने खाली झिरपतो, त्या रीतीने कलेक्टरसाहेबांचा हुकूम प्रांत, मामलेदार, सर्कल असा उतरत तलाठ्याच्या सज्जापर्यंत जातो. प्रत्येक सांध्याला थोडी थोडी ढिलाई असते, आणि शेवटी वर 'दुसरा' म्हटले असता खाली कोणीच कोणाचे ऐकत नाही. मुंबईचे टॅक्सीवाले अशा वेळी खाली उतरून, बॉनेट उघडून, त्या सळयांना हाताने हिसका देत आणि पुन्हा येऊन बसत. गिऱ्हाईकालाही त्यात काही विशेष वाटत नसे. त्यातून पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी पुरती थांबल्याखेरीज तो बिनतक्रार पडत नाही. याउलट ज्या कुर्ल्याच्या कंपनीने आमची गाडी बनवली तिच्याच 118एनई या मोटारीत अंगलट फियाट 124 ची, काळीज निस्सानचे, 1171 सीसीचे, आणि गिअरचा दांडा जमिनीतून उगवून थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला! मध्ये दलाल नाही, अर्ज नाही, विनंती नाही. असा एक गिअरबॉक्स मला भंगारात सापडला. मिस्त्रींनी त्याचा आस फिरवून पाहिला, "माल चांगला आहे" म्हणाले, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

तो गिअरबॉक्स मी रिक्षातून घरी आणला आणि, आपण काही तरी मिळवले आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून, ओसरीवर शेपटीच्या बाजूने उभा करून ठेवला. या जातीच्या गिअरबॉक्सची शेपटी मागून उघडी असते, आणि आत तेल शिल्लक असले तर ते तेथूनच बाहेर येते, ही माहिती मला त्या रात्री मिळाली. गिअर-ऑइलमध्ये गंधकाची संयुगे घातलेली असतात. जुने झाल्यावर त्याला जो दर्प येतो त्याचे वर्णन आमच्या शाकाहारी घरात करता येण्यासारखे नाही. कुटुंब पहाटे रांगोळी घालावयास बाहेर आले, उंबऱ्यातच थबकले, आणि अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले, "अहो, कोंबडी पाळायचं ठरवलंय का?"

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण ज्याने रचली त्याच्या घरी मोटार नसावी. तरीही तिचा अर्थ मला आठवड्याच्या आत उमगला. नव्या गिअरबॉक्सचे तोंड, ज्याला बेल हाऊसिंग म्हणतात, आमच्या 1089 सीसीच्या इंजिनाच्या पाठीला लागेना. भोके ना ओळीत, ना संख्येत जुळणारी. शिवाय गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे दाते क्लचप्लेटच्या पोटातल्या दात्यांशी जमणारे नव्हते. मिस्त्री म्हणाले, "मधी प्लेट बनवता येईल साहेब, लेथवर. पण त्यापेक्षा त्याचंच इंजिन आणलेलं बरं." अशा प्रकारे ज्या गिअरबॉक्सला मी ओसरी दिली होती त्याने आपले इंजिन बोलावून घेतले, इंजिनाने आपला रेडिएटर मागितला, आणि महिनाभरात ओसरीवर मुळी ओसरीच उरली नाही.

जुने इंजिन उतरविण्याचा प्रसंग मी शेजाऱ्यांना आगाऊ कळविला होता. मी निळा डगला शिवून घेतला होता, पोर्चच्या तुळईला चेनब्लॉक टांगला होता, आणि जमलेल्या मंडळींना उद्देशून प्रत्येक भागाचे कार्य समजावून सांगत मी साखळी ओढू लागलो. इंजिन दिमाखाने वर येऊ लागले. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. मग माझ्या लक्षात आले की इंजिनाबरोबर गाडीची पुढची चाकेही जमीन सोडू लागली आहेत. इंजिनाच्या एका पायाचा बोल्ट काढावयाचा राहिला होता. तुळईने जो आवाज केला तो मला अजून ऐकू येतो, आणि त्यानंतर शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी जो आवाज केला तोही.

येथे मला थोडे विषयांतर करण्याची मुभा द्यावी. वाचकांना ते नको असेल, पण मला हवे आहे. दोन्ही इंजिने शेजारी शेजारी पडली असता एका निवांत दुपारी मला असा प्रश्न पडला की, यापुढे ही गाडी कोणाची म्हणायची? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. आद्य शंकराचार्यांनी कामशास्त्रातील प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून मृत राजाच्या देहात प्रवेश केला आणि आपला देह शिष्यांच्या ताब्यात जपून ठेवविला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे इंजिन दुसऱ्या चासीत चालवायचे, पण मूळ चासीची मालकी सोडायची नाही, ही व्यवहारदृष्टी आचार्यांनाही होती. वेताळाने तर विक्रमाला यापेक्षा अवघड कोडे घातले. देवीच्या देवळात एका स्त्रीच्या पतीने आणि भावाने आपापली शिरे उतरवली. देवी प्रसन्न झाली, आणि शिरे परत जोडताना त्या बिचारीने गोंधळात पतीचे भावाला आणि भावाचे पतीला लावले. आता तिचा पती कोण? विक्रम म्हणाला, ज्याच्या धडावर पतीचे शिर तो. कारण शिर हे सर्व अवयवांत श्रेष्ठ. उत्तर गोड आहे, परंतु विक्रमाने ते आर.टी.ओ.च्या खिडकीशी दिले असते तर वेताळाऐवजी कारकुनानेच त्याचे डोके शंभर शकले केले असते. सरकारदरबारी श्रेष्ठत्व शिराला नाही, धडाला आहे. नोंदणीच्या दाखल्यावर चासीचा नंबर हा कुळाचा मूळ पुरुष; इंजिनाचा नंबर हा फार तर दत्तक वारस, ज्याची नोंद फेरफाराने बदलता येते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचून पाहावे: इंजिन बदलायचे तर आधी मंजुरी हवी, मंजुरीविना बदलले तर चौदा दिवसांच्या मुदतीत कळवले पाहिजे, आणि मूळ कारखानदाराने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरबदल तर करताच येत नाही, हे 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. या सगळ्या दस्तऐवजात गिअरबॉक्सला रकानाच नाही! जो इसम इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतो, चढाला दम देतो, उताराला लगाम घालतो, त्याचे नाव दफ्तरात कोठेही नाही. मी तेहतीस वर्षे ज्या कचेरीत होतो तेथे असा एक हेडक्लार्क होता. साहेब बदलत, कचेरीची पाटी बदले, आणि काम मात्र त्याच्याकडूनच होत असे. त्याच्या निरोप-समारंभाचे छायाचित्र काढायचे राहून गेले. असो, विषयांतर संपले.

पुढील दोन महिन्यांचे वर्णन मी करणार नाही. क्लचप्लेट आवळण्यापूर्वी ती मधोमध धरण्यासाठी जुना शाफ्ट आत घालून ठेवायचा असतो. मी तो घातला नाही, आणि मग गिअरबॉक्स आत जावा म्हणून दोन दिवस गाडीखाली उताणा पडून त्याला मिठी मारून राहिलो. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी प्लेट सैल केली, मध्यावर आणली, पुन्हा आवळली, आणि तो 'खट्' करून आपल्या पायाने आत गेला. प्रोपेलर शाफ्ट कापून नव्या लांबीचा करून आणला. गाडीच्या तळाचा पत्रा कापून दांड्यासाठी भोक पाडले. त्या काळात मी नखांतील काळे मुद्दाम राखून असे आणि बँकेत सही करताना हात काउंटरवर आवश्यकतेहून थोडा अधिक वेळ ठेवीत असे. कोणी विचारलेच, तर "इंजिन बांधतोय" एवढेच त्रोटक सांगत असे.

गाडी चालली. चांगली चालली, हे मी दावा म्हणून नव्हे, केवळ नोंद म्हणून लिहितो. पहिला गिअर चालत्या गाडीत लोण्यासारखा पडे.

मंजुरीचा अर्ज मी मुद्दाम लांबणीवर टाकला होता. आधी आईला एक फेरी मारून आणायची, असा माझा मनसुबा होता. तिचे वय शहाऐंशी. तिने दार उघडले, आत वाकून पाहिले, आणि पुढच्या सलग आसनाच्या ऐन मध्यावर उगवलेल्या त्या दांड्याकडे काठीने निर्देश करून विचारले, "अरे, हा खुंटा इथे कशाला रोवलास? मूल कुठे बसणार?"

"कुठलं मूल, आई?"

"कुठलं म्हणजे? तू."

मी बासष्ट वर्षांचा आहे आणि माझे वजन ब्याऐंशी किलो आहे. तरी मला उत्तर सुचेना.

अण्णांनी या गाडीसाठी 1961 साली, म्हणजे माझ्या जन्मवर्षी, नाव नोंदवले आणि 1968 साली ती हाती आली. माझी मुंज आणि गाडी एकाच उन्हाळ्यात झाल्या. सुट्टीत वाईला जाताना मी पुढे दोघांच्या मध्ये बसत असे. तेथे जागा होती ती गिअरचा दांडा वर खांबावर होता म्हणून, हे मला तेव्हा कळण्याचे कारण नव्हते. खंबाटकीच्या घाटात अण्णांना दर वळणाला गिअर बदलावा लागे, आणि दर खेपेस त्यांचे डावे कोपर माझ्या खांद्याला लागे. त्या काळचे वडील मुलांना जवळ घेत नसत. आमच्याही घरी तसा रिवाज नव्हता. घाट संपू नये असे मला वाटे, एवढे मात्र आठवते.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी काही विचारले नाही. जुन्या इंजिनावर त्यांनी प्लॅस्टिक घालून ठेवले होते, हे मला तेव्हाच दिसले. आठवड्यात सर्व पूर्ववत झाले. दांड्याच्या भोकावर पत्र्याचे ठिगळ मारले. शेवटी त्यांनी खिशातून बुश काढले आणि पाऊण तासात बसवले. जुन्या सवयीने मी हिशेब लिहून काढला: बुश, मजुरीसह, रुपये 350, इतर खर्च रुपये 68,400, आणि त्यापुढे शेरा, 'परिहार्य, वसुलीस पात्र, जबाबदार इसम निवृत्त'. तो कागद कुटुंबाने देवघराच्या कपाटात ठेवला आहे.

तरी 118एनईचे इंजिन व गिअरबॉक्स, दोन्ही चालू स्थितीत, एकत्र विकणे आहेत. ज्यांच्याकडे त्याच जातीची गाडी असेल अशांनीच यावे. इतरांना दिले जाणार नाहीत. सायंकाळी पाचनंतर मी ओसरीवरच असतो. नेणाऱ्याने पोती आपली आणावीत, आणि गिअरबॉक्स शेपटीकडून खाली झुकवू नये.