पिकअपची खांदेमळणी

असोदा म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला बहिणाबाई आठवतात आणि जळगावकरांना भरीत. पण भर पावसाळ्यात असोद्याच्या शिवारात उतरणाऱ्याला सगळ्यात आधी आठवते ती आपली चप्पल, कारण ती चार पावलं मागे चिखलात राहिलेली असते. काळी माती पाणी प्याली की कुणालाच सोडत नाही. म्हणून केळीचे घड डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागू नयेत, एवढ्यासाठी एखादा हौशी शेतकरी चारी चाकं ओढणारी पिकअप घेतो. बाकीचे मागच्या दोन चाकांवर भागवतात, आणि रुतले की ह्याला हाक मारतात.

अशा गाडीचे लाड पुष्कळ होतात. दसऱ्याला झेंडूचा हार, बारा महिने लिंबू-मिरची, मागच्या फळीवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. पोटाखाली मात्र कुणी डोकावत नाही. तिथे एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, एक पुढच्या, आणि त्यांच्या टोकांना असतात क्रॉस. क्रॉस म्हणजे चार हातांचा पोलादी तुकडा. प्रत्येक हातावर एक कप, आणि कपात दाटीनं बसवलेल्या बारीक सुया. युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव तिला चिकटलं, आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकनं ती आकाश बघण्याच्या यंत्रांसाठी सुचवली. आज तीच युक्ती केळी वाहते.

तिला एक खोड आहे. शाफ्ट तिरका असला की क्रॉसच्या पुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका उलटा वागून ती चूक भरून काढतो. म्हणून जाणता मेकॅनिक शाफ्ट खोलण्याआधी खडूनं खूण करतो. जोडताना खूण हुकली तर गाडी अशी थरथरते की मालकाला आधी रस्त्याची शंका येते, मग टायरची, आणि सगळ्यात शेवटी मेकॅनिकची.

या सुयांना ग्रीस लागतं, आणि ते जातं निपलातून. निपल असतं क्रॉसच्या ऐन बेचक्यात. ती जागा ज्यानं ठरवली तो इंजिनिअर खुर्चीवर बसलेला असावा, पाठीवर झोपलेला नक्कीच नव्हता. गाडी थांबते तेव्हा निपल हमखास वर तोंड करून असतं, आणि ग्रीसगनचं तोंड तिथे शिरत नाही. मग खालचा माणूस बाहेर सरपटत येतो आणि दोघे मिळून गाडी ढकलतात. “थोडी अजून, भो... थांब थांब! गेलं!” गाडी वीतभर सरकली की शाफ्ट जवळजवळ अर्धा फिरतो, त्यामुळे जोर जरा जास्त लागला की निपल खाली येऊन पुन्हा वर गेलेलं असतं. पुन्हा चाकाला दगड, पुन्हा पाठ मातीला. (गाडीखाली माणूस असताना ढकलायची नाही, हे सांगायची गरज नसावी, पण वर उभ्या असलेल्याच्या हातात मोबाइल असतो, म्हणून सांगितलं.)

पुढच्या शाफ्टची तऱ्हा आणखी वेगळी. काही गाड्यांत पुढची चाकं सुटी असली की तो फिरतच नाही. गाडी गावाबाहेर ढकलत नेली तरी निपल जागेवर. तिथे हातानंच शाफ्ट वळवावा लागतो. त्यात सायलेन्सरचा पाइप नेमका आडवा येतो. परिणाम ठरलेला: सहज दिसतात त्या निपलांना भरपूर ग्रीस मिळतं, आणि अवघड जागेचं निपल ‘पुढच्या वेळी बघू’वर जगतं. ते आधी चूं-चूं करतं. मग रिव्हर्स टाकताना टक् आवाज येतो. कपाच्या कडेला तांबडी भुकटी दिसली की समजावं, सुया संपल्या.

बैलांच्या बाबतीत आपण असं वागलो नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते: त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, कारण जू तिथेच घासतं. शिंगांचा बेगड आणि झूल दुसऱ्या दिवशी. आधी दुखरी जागा, मग नटवणं, हा क्रम आजोबांना कुणी पुस्तकात शिकवला नव्हता. पिकअप दारात आली आणि क्रम उलटला.

पोळा येतो श्रावणी अमावस्येला, आणि तोवर दोन महिन्यांच्या पाण्या-चिखलानं क्रॉसमधलं ग्रीस धुऊन निघालेलं असतं. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? तेव्हा यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी किल्ली खिशात टाका, चाकांना दगड लावा आणि गाडीखाली जा. निपल आधी फडक्यानं पुसा, नाहीतर माती तुम्हीच आत ढकलाल. चारही कपांतून जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत दाबत राहा. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर काम झालं म्हणून उठू नका.