पोटरीचा पोशाख

बारामतीत आता पाच किलोमीटर पळायचं म्हटलं तरी आधी पोटऱ्यांना पोशाख लागतो, म्हणजे घट्ट कम्प्रेशन स्लीव्ह. दुकानदार विचारतो, ‘‘साहेब, एम देऊ की एल?’’ साहेब विचारतात, ‘‘बुटाला मॅचिंग आहे का?’’ मापाची टेप गल्ल्यात निवांत.

खरं तर माप घ्यावं सकाळी, पाय सुजायच्या आत. घोट्याच्या वर पाय सर्वांत बारीक असतो तिथं एक, पोटरी सर्वांत जाड असते तिथं दुसरं. दाब घोट्याशी जास्त, वर कमी होत जाणारा हवा. धावणाऱ्याला साधारण 15 ते 20 मिलिमीटर पाऱ्याचा दाब पुरे. त्याहून जास्त हवा असेल तर डॉक्टरांना विचारावं. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल, तर न विचारता काहीच चढवू नये. घोटा, पाऊल सुजत असेल तर स्लीव्ह नव्हे, पूर्ण स्टॉकिंग. एवढं करून मिळतं काय? दुसऱ्या दिवशीचा ठणका फार तर थोडा कमी. वेग आहे तेवढाच.

तिकडे तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामती, काटेवाडी, बेलवाडी करत इंदापूर गाठते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात. बेलवाडीत, इंदापुरात रिंगण रंगतं. सत्तरीची माउली रबरी चपलेवर हे सगळं चालते. मुक्कामी कुणीतरी पोटऱ्यांना तेल चोळून देतं आणि पहाटे ती पुन्हा वाटेला लागते. साहेब तिच्याबरोबर सेल्फी काढतात. स्लीव्हचा लोगो दिसेल अशा बेतानं.