वर्तमानकाळाची वहिवाट

सांप्रत ज्या कोणास भेटावे तो 'वर्तमान क्षणात जगा' हा उपदेश इतक्या लगबगीने करून पुढच्या माणसाकडे वळतो की, तो क्षण ऐकणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत त्याची मुदत टळून गेलेली असते. वस्तुतः मनाचा कायमचा मुक्काम भूतकाळी, फिरती भविष्यकाळी, आणि वर्तमानकाळी मात्र हजेरीपटावर नुसती सही, अशी वहिवाट आमच्या घराण्यात वाडवडिलांपासून बिनतक्रार चालत आलेली आहे. ती मोडावी असे शहाण्यासुरत्या माणसांना का वाटावे, याची तहकिकात मी अलीकडे आरंभिली.

तीत प्रथमच आढळले ते असे की, या विद्येचे एक थोर आचार्य चक्क सरकारी हिशेबखात्यातले होते. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. देशाच्या जमाखर्चाची रुजुवात घालता घालता त्यांनी कचेरीतल्या मंडळींनाही ध्यानाला बसविले. कचेरीत डोळे मिटून बसण्याची परंपरा आमच्याकडे अधिक प्राचीन आहे, परंतु तिचा हेतू निराळा. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीस धम्मगिरी हे ध्यानकेंद्र उभे राहू लागले. दहा दिवस तेथे मौन, पहाटे चारला घंटा, आणि आरंभीचे तीन दिवस नाकपुडीशी लक्ष ठेवून, जकात न घेणाऱ्या नाकेदाराप्रमाणे, आलेल्या-गेलेल्या श्वासाची केवळ नोंद. आणि हे कोठे, तर ज्या गावी थळघाट चढून आलेल्या गाडीचे मागचे इंजिन सुटेपर्यंत फलाटावरचा वडा हाती न आल्यास मुंबईकराचा जीव टांगणीस लागतो, त्या गावी!

मूळ शास्त्र तर याहून कडक आहे. बुद्धाच्या सतिपट्ठान सुत्तात चालणे, बसणे, खाणे-पिणे, इतकेच नव्हे तर मलमूत्रविसर्गही पूर्ण जाणिवेने करावा असे सांगितले आहे. प्रातःकाळी त्या एकांतस्थळी वर्तमानपत्र घेऊन जाणाऱ्या समस्त गृहस्थवर्गाने याचा विचार करावा.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हीच विद्या रुग्णांसाठी अभ्यासक्रमात बसविली. त्यातला एक पाठ केवळ एका बेदाण्याचा: तो तळहातावर घ्यावा, न्याहाळावा, त्याच्या सुरकुत्या चाचपाव्या, हुंगावा, जिभेवर ठेवावा आणि मग कोठे दात लावावा. तासगावच्या बेदाण्याच्या बाजारात हा पाठ अमलात आणल्यास सौद्यांचे काय होईल याची कल्पना करवत नाही.

तथापि या सर्व आचार्यांस माझा एक सविनय अर्ज आहे, व त्याचे कारण आमच्या आत्याबाई. तांदूळ निवडावयास त्या बसल्या म्हणजे परातीतला ढीग डाव्या हाताने थोडाथोडा पुढे ओढला जातो, उजव्या हाताची तर्जनी खडा, साळीचा दाणा, क्वचित एखादा पोरकिडा नेमका टिपून काठाशी सारते, आणि त्याच वेळी मुखावाटे नागपूरच्या लग्नातले मानापमान, पुण्याच्या भाचीचे जमत आलेले स्थळ व शेजारच्या वाटणीचा दावा ही तिन्ही प्रकरणे एकसमयावच्छेदेकरून चालविली जातात. मन तीन गावी, बोट मात्र परातीत. आणि त्यांच्या हातच्या भातात आजवर कोणाच्या दाताखाली खडा आलेला नाही. उलट मी एकाग्रचित्ताने, श्वासावर लक्ष ठेवून निवडलेले तांदूळ त्यांनी न बोलता पुन्हा परातीत ओतले. सबब, सावधानता ही मनातच नांदली पाहिजे की एकट्या बोटाच्या ठिकाणी नांदली तरी चालते, याचा निकाल जाणत्यांनी द्यावा.

बेदाण्याचा पाठ मी आत्याबाईंना साद्यंत करून दाखविला. त्या शेवटपर्यंत टक लावून पाहत होत्या, हे मान्य केले पाहिजे. मग म्हणाल्या, "अरे, एकाला एवढा वेळ, तर शिऱ्यात मूठभर घालायचे असले म्हणजे पाहुण्यांनी मुक्कामालाच यायचं का?"