तेल तेच, बाटली येगळी

गावात डॉक्टर नसला तरी औषध सांगणारा असतो आणि वकील नसला तरी कलम सांगणारा असतो. शिरपूर जैनमध्ये मेकॅनिक आहेत, स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तरीही गाडीत ऑईल कोणतं टाकायचं हे त्यांना सहसा कोणी विचारत नाही. ते ऑईलभाऊंना विचारायचं. खरं तर विचारायचीही गरज नसते. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीसमोर तुमच्या गाडीचं बॉनेट हातभर वर गेलं, की हातातला अर्धा कट तसाच धरून ते आलेच म्हणून समजा.

त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेलच. मी ते सांगत नाही, कारण ऑईलभाऊ हा एक माणूस नसून एक वाण आहे. तो मालेगावात आहे, रिसोडात आहे, आणि वाशीमच्या पाटणी चौकात तर एका वेळी तीन-चार नग उभे सापडतील. वय पन्नास ते सत्तरच्या मधलं काहीही. खांद्यावर दुपट्टा. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टायरची हवा मोजायचा गेज. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट कायमचं काळं. आयुष्यात एक दिवस गॅरेजात काम केलेलं नाही, पण बोटं पाहून परक्या माणसाला तसं वाटत नाही.

तपासणीची त्यांची एक पद्धत ठरलेली आहे. इंजिनातली तेल मोजायची काडी बाहेर ओढायची. टोकावरचा थेंब चिमटीत घ्यायचा. डोळे मिटून तो घोळवायचा. मग वास. मग हात उन्हात धरून रंग. मग चिमूट पुसायची, आणि तीही स्वतःच्या दुपट्ट्याला नाही, तुम्ही काच पुसायला ठेवलेल्या फडक्याला. एवढं झाल्यावर निकाल येतो: ‘‘हे ऑईल गेलं.’’ कुठं गेलं, कधी गेलं, हे विचारायचं नसतं.

ऑईलभाऊंकडे कार नाही. एक जुनी मोटारसायकल आहे, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या मोटारसायकलीतून निघालेलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर हे तिघं एकाच तेलात नांदतात. लिटरभर ऑईल ओतलं की तिघांचंही भागतं. ज्याचं बालपण आणि तारुण्य या तेलावर गेलं, त्याला जगात गाडीगणिक, गिअरबॉक्सगणिक वेगळं तेल लागतं हे पटणार कसं? ‘‘तेल तेच राह्यते बाप्पा, बाटली येगळी राह्यते. कंपनीवाल्यायले धंदा पायजे ना!’’

एके काळी हा माणूस खरोखर उपयोगाचा होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ट्रॅक्टरचा जमाना होता. इंजिनात चाळीस नंबर, गिअरमध्ये नव्वद नंबर, फारच खडखडायला लागलं तर एकशेचाळीस. तीन आकडे पाठ असले की सोयाबीनचा हंगाम पार पडत असे. पुढे पॉवर स्टेअरिंगचे ट्रॅक्टर आले आणि त्यांच्याबरोबर लाल ऑईल आलं. ऑईलभाऊंच्या ज्ञानात ही शेवटची भर. ते लाल ऑईल म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आहे आणि स्टेअरिंगसाठी ते उसनं घेतलेलं आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. तिथून घोटाळा सुरू झाला.

कारण मग ऑटोमॅटिक गाड्या आल्या. आधी पुण्याला नोकरी करणारी पोरं दिवाळीला घेऊन आली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, तो आमच्या मालेगाव तालुक्यातून जातो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जैन मंदिराचं दार उघडलं, जे १९८१ पासून बंद होतं. गुजरात, राजस्थान, मुंबईच्या पासिंगच्या मोठाल्या गाड्या गल्लीत दिसू लागल्या. ऑईलभाऊंनी चहा टाकून त्या पाहिल्या. आत डोकावले. क्लच नव्हता. त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, ‘‘याच्यात लाल ऑईल जाते.’’

आता इथं थोडं थांबून गाडीच्या पोटात शिरावं लागेल, नाहीतर ऑईलभाऊंची थोरवी कळायची नाही.

ऑटोमॅटिक म्हणून जी गाडी विकली जाते, ती निदान चार वेगळ्या जातींची असते. एक, जुनी खानदानी: टॉर्क कन्व्हर्टरवाली. हिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची थाळी नसते. तेलानं भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन चक्रं असतात. एक इंजिन फिरवतं, त्यानं ढकललेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. पुढे गिअर बदलायचं कामही तेलाच्या दाबावर, आतल्या क्लचप्लेटा भिजतात त्याच तेलात, आणि सगळ्याला थंड ठेवणारंही तेच. म्हणून इथलं तेल नुसतं वंगण नसतं. किती निसटू द्यायचं आणि कुठं पकडायचं, हे त्यात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. दोन, सीव्हीटी: हिच्यात पोलादी पट्टा दोन पुलींच्या चिमटीत पळतो, त्यामुळे तिचं तेल असं हवं की पोलाद पोलादावरून घसरता कामा नये. तीन, डबल क्लचवाली. आणि चार, एएमटी.

ही चौथी महत्त्वाची, कारण खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त तीच पोचली. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओत ती आणली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या हिशेबात बसली. पण एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच हाताचा गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या हातापायाऐवजी यंत्राचे हातपाय बसवलेले. तिच्या गिअरबॉक्सात साध्या गिअरच्या गाडीत पडतं त्या जातीचं गिअर ऑईल पडतं. यंत्राचे हातपाय हलवायला पुष्कळ गाड्यांत वेगळं, थोडंसं तेल वेगळ्या डबीत असतं. लाल ऑईलचा तिथं काही संबंध नाही.

ऑईलभाऊंना टॉर्क कन्व्हर्टर मात्र कुणीतरी समजावला तेव्हा चटकन समजला, आणि तो त्यांनी गावाला ज्या भाषेत समजावला तिला तोड नाही. शिरपूरची मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी श्रद्धा आहे. पूर्वी खालून घोडेस्वार जात असे, आता कापड सरकेल एवढीच जागा उरली, असं सांगतात. ऑईलभाऊ म्हणाले, ‘‘आपल्या देवासारखंच हाये ते. इंजिन गिअरले टेकत नाही. मधात फक्त तेल.’’ टपरीवरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा हे ऐकून गप्प झाला. त्याच्या सरांना हे एवढ्या कमी शब्दांत जमलं नव्हतं.

पण समजणं वेगळं आणि बाटली निवडणं वेगळं. एका निवृत्त गुरुजींनी मुलाच्या आग्रहानं एएमटी गाडी घेतली. दोन-तीन वर्षांनी गिअर बदलताना ती मान डोलावल्यासारखी झटका देऊ लागली. एएमटीचा तो थोडाफार स्वभावच असतो, पण गुरुजी घाबरले आणि टपरीसमोर थांबले. ऑईलभाऊ आले. गिअरबॉक्सची काडी शोधू लागले. ती सापडेना, कारण त्या गाडीला ती नसतेच. अलीकडच्या पुष्कळ खऱ्या ऑटोमॅटिकलाही नसते; गाडी लिफ्टवर चढवून, तेल ठरावीक तापमानाला आणून, बाजूचा नट खोलून पातळी बघावी लागते. पण काडी नाही म्हणून निदान अडेल ते ऑईलभाऊ कसले! त्यांनी इंजिनाची काडी ओढली, चिमूट घेतली, डोळे मिटले, आणि गिअरबॉक्सबद्दल निकाल दिला.

‘‘गुरुजी, गिअरचं ऑईल गेलं.’’

गाडीत गुरुजींची सून बसली होती. ती खाली उतरली. ‘‘काका, ती इंजिनाची काडी आहे.’’

‘‘सूनबाई, रगत एकच राह्यते. बोटातून काढा, नाही तं दंडातून.’’

गुरुजींना हे पटलं. त्यांनी पाकिटाला हात घातला. बाजूच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला पोरगा लाल बाटली घेऊन उभाच होता. तेवढ्यात सूनबाईनं डॅशबोर्डाच्या कप्प्यातून, इन्शुरन्सचे कागद आणि कधीकाळच्या बडीशेपेच्या पुड्या बाजूला सारून, गाडीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पहिल्यांदाच बाहेर येत होतं. तिनं शेवटच्या पानांतला तेलांचा तक्ता उघडला आणि मोठ्यानं वाचला. लाल ऑईलचं नावही त्यात नव्हतं.

ऑईलभाऊ डगमगले नाहीत. ‘‘पुस्तक जपानच्या थंडीतलं हाये ते. आपल्या इकडचं मे महिन्याचं ऊन पाह्यलं काय त्यायनं?’’

या वाक्यात नेहमीप्रमाणे एक चमचा सत्य होतं. उन्हाळा, धूळ, ट्रॅफिक, ओढलेला ट्रेलर यांनी तेल लवकर थकतं, आणि म्हणूनच कंपन्या ‘कठीण परिस्थिती’साठी तेल बदलायचं अंतर कमी देतात. पण ऊन तेलाची मुदत बदलतं, जात बदलत नाही. हे सूनबाईनं सांगितलं, ते ऑईलभाऊंनी ऐकलं, आणि चहा मागवला. विषय संपला की ते चहा मागवतात. पैसे गुरुजींनी दिले.

दुसरा प्रसंग एका यात्रेकरूचा. सुरतेकडचे गृहस्थ, मोठी गाडी, ड्रायव्हर गिअरबॉक्सचं तेल थोडं कमी झालंय म्हणत होता. शेठजींनी लाल बाटली हातात घेतली आणि चिंतेनं विचारलं, यात प्राण्याची चरबी वगैरे काही नसतं ना? टपरीवर हशा पिकला. ऑईलभाऊंनी छातीला हात लावून सांगितलं, ‘‘शंभर टक्के शाकाहारी!’’

हसणाऱ्यांना माहीत नव्हतं की शेठजींचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता, फक्त पन्नासेक वर्षं उशिरा आला होता. अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात एके काळी स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत. जनरल मोटर्सनं १९६० च्या दशकात आणलेल्या डेक्सरॉन या प्रसिद्ध तेलातही ते होतं, कारण क्लचप्लेटा गुळगुळीत पकडाव्यात यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही सापडलेलं नव्हतं. (व्हेल हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे मला ठाऊक आहे, पण देवमासा म्हणण्याची आपली सवय जात नाही.) १९७० च्या सुमारास अमेरिकेनं या प्राण्याला संकटग्रस्त ठरवलं, त्याचं तेल बंद झालं, आणि पुढची काही वर्षं तिथले गिअरबॉक्स भराभर बिघडू लागले. मग प्रयोगशाळांत पर्याय शोधले गेले. जोजोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांच्या तेलाकडेही लोक वळले. आजच्या तेलांत ते काम प्रयोगशाळेत घडवलेली रसायनं करतात. म्हणजे ऑईलभाऊंनी दिलेलं उत्तर बरोबर निघालं. त्यांची अर्धी उत्तरं अशीच बरोबर निघतात, आणि हीच त्यांची खरी अडचण आहे. शंभर टक्के चुकणारा माणूस गावानं केव्हाच ओळखला असता.

शाकाहाराची खात्री पटल्यावर बाटली ओतायचंच बाकी होतं. पण गाडी होती सीव्हीटी. ड्रायव्हर शहाणा निघाला. म्हणाला, वाशीमपर्यंत हळू नेतो, तिथं विचारतो. ऑईलभाऊंना ते लागलं. ‘‘लाल काय, हिरवं काय! इंजिनले डोळे हायेत काय?’’ लाल रंग हा केवळ रंग आहे, इंजिन ऑईलपासून ओळखू यावं आणि गळती कुठून होते ते दिसावं म्हणून घातलेला; रंगावरून तेलाचा गुण कळत नाही, ही गोष्ट त्यांनी नकळत बरोबर सांगितली होती. फक्त तिचा निष्कर्ष उलटा काढला होता.

तसं पाहिलं तर कंपन्यांनीही कमी छळ मांडलेला नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-फोर, होंडाच्या सीव्हीटीचं एचसीएफ-टू, निसानचं एनएस-थ्री. सातबाऱ्यावरचे गट नंबर बरे. त्यातून एक ‘सगळ्या गाड्यांना चालणारी’ बाटली मिळते, तिच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत पन्नास नावांची यादी छापलेली असते. ऑईलभाऊंची ही लाडकी बाटली. यादी त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा घरी असतो. पण यादी लांब आहे एवढं दिसतं, आणि तेवढ्यावर ते ती देतात. यादीत आपल्या पुस्तकातलं नाव अक्षरशः सापडलं तर ती बाटली चालते. ‘त्याच्यासारखं काहीतरी’ सापडलं तर चालत नाही. हा फरक टपरीवर कुणी मनावर घेत नाही.

आता त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. जळक्या तेलाचा वास त्यांना खरोखर कळतो. रिसोड रोडला एका डॉक्टरांची जुनी ऑटोमॅटिक उभी राहिली, तेव्हा भर दुपारी ऑईलभाऊ मोटारसायकलवर तिथं पोचले. त्या गाडीला काडी होती. चिमूट, डोळे, वास. ‘‘करपलं. आता रेटू नका.’’ तेल काळपट पडलेलं आणि जळकट वासाचं असेल तर आतल्या क्लचप्लेटा झिजल्याची ती खूण असते, हे कुठल्याही मेकॅनिकनं सांगितलं असतं. पण मेकॅनिक त्या दुपारी तिथं नव्हता. टो गाडी येईपर्यंत ऑईलभाऊ बाभळीखाली बसून राहिले. एक रुपया घेतला नाही. डॉक्टरांना पाणी दिलं आणि अर्थात कोणतं ऑईल टाकायचं तेही सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि सर्व्हिस सेंटरला विचारून वेगळंच टाकलं. गाडी चालते आहे. ऑईलभाऊ ती दिसली की लोकांना दाखवून म्हणतात, ‘‘माह्या ऑईलवर हाये.’’

गुरुजींच्या सुनेबद्दल आता त्यांचं मत फार चांगलं झालं आहे. मध्यंतरी टपरीवर त्यांनी एका पोराला दटावलं, ‘‘पुस्तक काढ पह्यले!’’ पोरानं पुस्तक काढलं. ऑईलभाऊंनी ते हातात घेतलं, पानं चाळली, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, ‘‘बरोबर हाये. लाल ऑईल टाक.’’

शिरपूरला याल तेव्हा दर्शन घ्या, बसस्टँडवर चहा घ्या, ऑईलभाऊंशी तासभर गप्पा मारा. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, रस्त्यांचे खड्डे यांवर त्यांच्याइतका जाणता माणूस तुम्हाला सापडणार नाही. फक्त बॉनेट उघडू नका.