तीन इंचांचं नशीब

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उन्हाळा लागला हे दोन खुणांवरून कळतं. गावोगावी दिव्यांच्या खांबांवर उत्सवाच्या पताका चढतात, आणि एरवी शहाणीसुरती वाटणारी माणसं पहाटे साडेतीनला रबरी विजारी चढवून कमरेभर गार पाण्यात जाऊन उभी राहतात. ही माणसं स्ट्राइप्ड बासच्या मागे असतात. लाडाचं नाव स्ट्रायपर. रुपेरी अंग आणि त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, फुटपट्टी धरून आखल्यासारख्या. फुटपट्टीचा या माशाच्या आयुष्याशी फारच जवळचा संबंध आहे, त्याकडे येतोच.

मी मालवणचा. आमच्याकडे जून-जुलै म्हणजे होड्या वर ओढून झापांनी शाकारायचे दिवस. दर्या खवळलेला, सरकारी बंदी चालू, आणि घरात सुकट, सोडे, खारा बांगडा यांच्यावर भागवणं. नारळी पौर्णिमा होईपर्यंत समुद्राचं नाव काढायचं नाही. इथे बरोबर उलटं. चेसापीकच्या उपसागरात आणि हडसन नदीत वसंतात अंडी घालून झाली की हे मासे उत्तरेला निघतात, मे महिन्यात मॅसॅच्युसेट्सला पोचतात, ऑक्टोबरपर्यंत खाऊनपिऊन गलेलठ्ठ होतात आणि थंडी पडायच्या आत दक्षिणेला परततात. उन्हाळी सुट्टीला येणाऱ्या न्यूयॉर्ककरांचंही वेळापत्रक साधारण हेच. मासे पार्किंगवरून भांडत नाहीत, एवढाच फरक.

आता फुटपट्टी. कायदा असा की किनाऱ्यावरून गरवणाऱ्या माणसाने दिवसाला एकच स्ट्रायपर घरी न्यायचा, आणि तो 28 इंचांपेक्षा लहान नको, 31 इंचांना टेकलेलाही नको. सत्तावीस इंच? सोडा. बत्तीस? सोडा. मधल्या तीन इंचांत ज्याचं नशीब फुटकं तेवढाच तुमचा. त्यामुळे इथल्या किनाऱ्यावर मासा लागला की माणूस आनंदाने ओरडत नाही, टेप शोधतो. अंधारात, डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात, बुळबुळीत दगडावर गुडघे टेकून एक सुशिक्षित गृहस्थ तडफडणाऱ्या माशाला 'जरा सरळ रहा रे बाबा' म्हणून विनवतोय, हे दृश्य मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. त्या गृहस्थाच्या जागी बहुतेक वेळा मीच असतो.

हे घरी कळवणं अवघड. आई मालवणहून व्हिडिओ कॉलवर असते, आणि पहिला धक्का तिला माशाचा नाही, आमिषाचा बसतो. इथे बास गरवायला जे आमिष लावतात त्यात एक असतो मॅकरल, म्हणजे आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ. आमिषाच्या दुकानात तो गोठवून, पिशवीत भरून, किड्यांच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. मी त्याचे तुकडे करताना आईने पाहिलं.

"बांगडो? बांगडो आमिषाक लावतंस?"

"आई, इथे लावतात."

"बरा. मगे गावला काय?"

"चौतीस इंचांचा लागला होता. सोडला."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "अरे मेल्या, लहान सोडतत. मोठो कोण सोडता?"

तिचा मुद्दा तर्काला धरून आहे. जगभर लहान सोडून मोठे पकडतात. इथे मोठाही सोडतात. मी तिला समजावलं की मोठे मासे बहुतेक माद्या असतात, एकेक मादी लाखांनी अंडी घालते, तिला राखलं तर पुढचं पीक टिकतं. इथले गरवणारे अशा मोठ्या मादीला 'काऊ' म्हणतात. गाय. आता गाय सोडून द्यायची हे आपल्याला निराळं सांगायला नको, असं मी म्हणणार होतो. पण आई अंड्यांपाशीच अडकली होती. "म्हणजे गाबोळीसकट सोडलंस?" अंडी चेसापीकलाच घालून झालेली असतात हे सांगितल्यावर तिचा जीव जरा खाली पडला. तरी मावशीला तिने त्याच संध्याकाळी कळवलं की थंय मासो मोठो झालो तर सोडून देवचो लागता, आणि बांगडो पाण्यात टाकतत.

कायदा मात्र उगीच नाही. या माशाने इथल्या लोकांना पोसलंय. 1639 साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने बास आणि कॉड हे मासे शेतात खत म्हणून घालायला बंदी केली. म्हणजे त्याआधी लोक खुशाल मक्याच्या मुळाशी बास पुरत होते. पुढे 1670 मध्ये शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीतून येणारं उत्पन्न फुकट शाळेसाठी लावलं. माशांच्या जिवावर पोरं शिकली आणि शिकून आणखी जास्त मासे मारू लागली. 1980 च्या आसपास स्ट्रायपर जवळजवळ संपायला आला, तेव्हा 1984 मध्ये अमेरिकन काँग्रेसला त्याच्यासाठी खास कायदा करावा लागला. काही राज्यांनी मासेमारी पार बंद ठेवली. 1995 मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं, सगळे पुन्हा तुटून पडले, आणि आता पुन्हा तो तीन इंचांचा चिमटा. 1982 च्या सप्टेंबरात अल्बर्ट मॅक्रेनॉल्ड्स नावाच्या माणसाने अटलांटिक सिटीच्या दगडी धक्क्यावर, वादळात उभं राहून, 78 पौंड 8 औंसांचा स्ट्रायपर ओढला होता. साडेपस्तीस किलो! आजचा नियम तेव्हा असता तर त्याला फोटो काढून नमस्कार करावा लागला असता.

गरवायला कधी जायचं, हा प्रश्न माझ्यापुरता आजोबांनी सोडवून ठेवलाय. शेजारी राहणारे एक निवृत्त सुतार मला या नादाला लावणारे गुरू. ते फोनवरच्या अॅपमध्ये भरतीची वेळ पाहतात. मी कालनिर्णय पाहतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तो मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावरही चालतो, हे कळलं तेव्हा मला आजोबांचा फार अभिमान वाटला. फक्त एक तास मिळवायचा, कारण उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे सरकवलेली असतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मासाही काही घड्याळ लावून येत नाही. गुरू आधी याला 'मून मॅथ' म्हणून हसायचे. एकदा खाडीच्या तोंडाशी त्यांच्या फोनला रेंज मिळेना. तेव्हापासून भेटले की आधी "आज किती?" विचारतात. मी "षष्ठी" म्हटलं की ते मनात गुणाकार करून "साडेपाच" म्हणतात. त्यांना एकादशीला उपास असतो हे मी अजून सांगितलेलं नाही.

बाकी माहिती कुणी कुणाला देत नाही. कुठे लागला विचारलं तर "तोंडात" असं उत्तर येतं. आमिषाच्या दुकानात गेलं तर मासे नेहमी काल होते. परवा गेलात तरी ते कालच होते. तुम्ही काल गेला होतात हे सांगून काही उपयोग नाही; मग ते तुम्ही निघाल्यावर आले होते.

वर निसर्गाची पहारेदारी. प्लम आयलंडचा उत्तम वाळूचा किनारा 1 एप्रिलपासून बंद होतो, कारण तिथे पायपिंग प्लोव्हर नावाचा चिमणीएवढा पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो. त्याची पिल्लं उडेपर्यंत मैलचे मैल किनाऱ्यावर माणसाने पाय ठेवायचा नाही. आणि जुलैत, वाळू मोकळी व्हायला लागते न लागते तोच, खारट गवताळ दलदलीतून हिरव्या डोळ्यांच्या गोमाशा उठतात. त्यांना ग्रीनहेड म्हणतात. त्या चावत नाहीत, मांस कापतात. त्यांच्यासाठी दलदलीत काळ्या पेट्यांचे सापळे चार पायांवर उभे केलेले असतात. तरी माशा एवढ्या उरतात की इप्सविचच्या किनाऱ्यावर गरवणारा माणूस दुरून पाहिला तर मोठा मासा लागलाय असं वाटावं. हात इतके हलत असतात.

तर मग लोक मासे खातात कुठे? उत्सवात. माझं पक्कं मत झालंय की या किनाऱ्यावर स्ट्रायपर आणि उन्हाळी उत्सव हा एकच कार्यक्रम आहे. पहाटे उपाशी उभं राहायचं आणि दुपारी जत्रेत रांग लावून कुणीतरी दुसऱ्याने पकडलेलं खायचं. तव्यावर नाही, कढईतलं. एसेक्स गावात 1916 च्या 3 जुलैला लॉरेन्स वुडमन या खाद्यपदार्थ विकणाऱ्या माणसाने शिंपले पिठात घोळवून तळले, आणि तेव्हापासून हा सगळा किनारा तळणीच्या वासावर चालतो. आमच्या मालवणात तिसऱ्या सुक्या करतात. पण कागदी खोक्यातले हे तळलेले शिंपले खाऊन माझ्या बायकोनेही मान्य केलं की चालेल. तिच्या तोंडून 'चालेल' म्हणजे मोठं पदक. ती पुढे म्हणाली, "तू त्या गोठवलेल्या बांगड्यांवर घालतोस त्या पैशात आपण दर शनिवारी हे खाऊ शकतो." हिशेब मी तपासला नाही.

उत्सवांचा राजा ग्लॉस्टरचा सेंट पीटर्स फिएस्टा. सिसिलीहून आलेल्या इटालियन मच्छीमारांनी 1927 मध्ये सुरू केलेला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात येणारा. पीटर हा मच्छीमारांचा संत. त्याची मूर्ती खांद्यावरून गावभर फिरवतात, होड्यांना आशीर्वाद देतात, आणि मधूनमधून कुणीतरी 'काय, मुके झालात का सगळे?' अशा अर्थाची सिसिलियन आरोळी ठोकतं. गर्दी उत्तर देते, "वीवा सान पिएत्रो!" मालवणच्या माणसाला यात काही शिकावं लागत नाही. पहिल्या वर्षी दुसऱ्याच आरोळीला मी ओरडत होतो, आणि माझ्या बाजूच्या आजीबाईंनी मला कुणाचा मुलगा म्हणून विचारलं.

पण खरी गंमत ग्रीझी पोल. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक मचाण, त्यातून समुद्रावर आडवा काढलेला सुमारे 45 फुटी खांब, टोकाला खिळ्याने ठोकलेला झेंडा. खांबाला हातभर जाडीचं ग्रीस फासतात. चालत जायचं आणि झेंडा काढायचा. आपला गोविंदा उभा चढतो, हा आडवा घसरतो, आणि खाली लोण्याऐवजी अटलांटिक. पहिल्या फेरीत झेंडा काढायचा नाही असा रिवाज आहे. प्रत्येकाला निदान एकदा पडायची संधी मिळावी, हा त्यामागचा उदार विचार. मग एकेक जण येतो. कुणी झगा घातलेला, कुणी केप लावलेला सुपरमॅन. एक पाऊल, दोन पावलं, तिसऱ्याला दोन्ही पाय दोन दिशांना आणि मधला भाग खांबावर. किनाऱ्यावरचे सगळे पुरुष एकदम डोळे मिटतात. मग पाण्याचा आवाज, मग टाळ्या. झेंडा काढणाऱ्याला खांद्यावर घेऊन गावात मिरवतात, आणि त्याचं नाव पुढची पन्नास वर्षं नातवंडांना सांगतात. बक्षीस काय, तर तो झेंडा. मी स्ट्रायपर सोडून रिकामा घरी येतो त्याला हसणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

फिएस्टाच्याच दिवसांत वल्ह्यांच्या लांब होड्यांच्या शर्यती होतात. होड्यांची नावं कोलंबसाच्या जहाजांची: नीना, पिंटा आणि सांता मारिया. जुलैत रॉकपोर्टला चार तारखेची होळी पेटते, भर समुद्राकाठी. जुलैच्या अखेरीला न्यूबरीपोर्टला 1958 पासून चालणारा यांकी होमकमिंग असतो, आणि त्यात चाकं लावलेल्या खाटांची शर्यत. खाटेवर एक जण पडून राहतो, बाकीचे ढकलत धावतात. आमच्या सोसायटीत ही शर्यत ठेवली तर पडून राहणाऱ्यांची नोंदणी पहिल्या तासात भरेल. तिथे तळलेल्या पिठाची ताटाएवढी पुरी मिळते, वर पिठीसाखर. वारं सुटलं की साखर शेजाऱ्याच्या अंगावर.

न्यूबरीपोर्टचं आणखी एक बरं आहे. तिथे मेरिमॅक नदी समुद्राला मिळते, आणि ओहोटी लागली की स्ट्रायपर तोंडाशीच येऊन उभे राहतात. त्यामुळे आतषबाजीच्या रात्री सगळं गाव आकाशाकडे बघत असतं आणि अंधारात दगडांवर काही माणसं पाण्याकडे. रॉकेट फुटलं की टेप वाचायला उजेडही आयता मिळतो.

तुम्ही या बाजूला येणार असाल तर जूनच्या शेवटी या. समुद्रात गरवायचा परवाना सोळा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लागतो. तो बसल्या जागी फोनवर काढता येतो. आमिष लावलं तर गरी गोल वळलेलीच हवी, नाहीतर दंड. फिएस्टाच्या रविवारी ग्लॉस्टरमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही, ट्रेनने या. आणि येताना आमसुलं आणा. मासा तीन इंचांत बसला तर कालवणाला लागतील; नाही बसला तरी मला हवीच आहेत, इथल्या दुकानात मिळतात ती फार जुनी असतात.