मुतखड्याचे बिल लिहिण्याची शास्त्रशुद्ध रीत

मूत्रमार्गातील खडा काढणे ही तुलनेने सोपी गोष्ट आहे. शल्यविशारद भूल दिलेल्या रुग्णाच्या मूत्रमार्गात दुर्बीण सरकवतो, लेझरच्या साहाय्याने खड्याचे चूर्ण करतो, मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची लवचीक नळी ठेवतो आणि हात धुऊन चहास मोकळा होतो. खरी शस्त्रक्रिया आरंभते ती त्यानंतर, तळमजल्यावरील ‘कॅशलेस’ अशी पाटी लावलेल्या खिडकीत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या खासगी रुग्णालयांतील या खिडकीमागे नव्याने रुजू होणाऱ्या, बुद्धी तल्लख परंतु अनुभव कोवळा अशा कारकुनाच्या हितार्थ पुढील विवेचन केले आहे.

प्रथम व्याधीस संकेतांक द्यावा. दाव्याच्या अर्जाचा ‘ब’ भाग रुग्णालयाने भरावयाचा असून त्यात रोगाचे नाव पुरत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील अंक लागतो. खडा मूत्रपिंडात असल्यास एन 20.0, मूत्रवाहिनीत उतरला असल्यास एन 20.1, उभय स्थानी असल्यास एन 20.2, पुरःस्थ ग्रंथीची, म्हणजे प्रोस्टेटची, साधी वाढ असल्यास एन 40. आता, सोमवारी सोनोग्राफीत मूत्रपिंडात दिसलेला खडा बुधवारी मूत्रवाहिनीत येऊन अडकणे हा निसर्गक्रम होय. परंतु सोनोग्राफीचा अहवाल, डॉक्टरांची टिपणी आणि आपला अर्ज या तिहींत तो एकाच मुक्कामी आढळला पाहिजे, अन्यथा ‘विसंगतीचा खुलासा करावा’ अशी विमा कंपनीची क्वेरी आलीच म्हणून समजावे. हालचालीचे स्वातंत्र्य खड्यास आहे, कागदास नाही. (या वर्गीकरणाची आद्य यादी झाक बर्तियाँ नामक फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने 1893 साली मांडली, तेव्हा ती केवळ मृत्यूच्या कारणांची होती, जिवंत माणसाच्या बिलापुढेही ती तितक्याच निर्विकारपणे उभी राहते, यात नवल नाही.)

‘त्रास कधीपासून?’ हा प्रश्न दिसतो साधा, परंतु सबंध दप्तरात याहून घातक प्रश्न नाही. बोरिवलीचा एखादा सभ्य गृहस्थ आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, घरचा मुलगा समजून ‘अहो, तीन वर्षं झाली, अधूनमधून कळ येतेच की’ असे मोकळेपणाने सांगतो आणि आरएमओ ते केसपेपरवर जसेच्या तसे उतरवतो. पॉलिसी असते अडीच वर्षांची. मुतखडा आणि प्रोस्टेट यांसाठी आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत असलेली चोवीस महिन्यांची प्रतीक्षा त्या गृहस्थाने इमानाने पार पाडलेली असते. परंतु कळ पॉलिसीहून वयाने थोरली ठरल्यामुळे ‘पूर्वीपासूनचा आजार’ असा शेरा डोके वर काढतो. नियमाने पाहता आजार पूर्वीचा ठरण्यास पॉलिसीपूर्वी वैद्याने निदान केलेले असावे लागते, निदान सल्ला वा उपचार तरी दिलेला असावा लागतो. नुसती कळ पुरत नाही. परंतु क्वेरी लिहिणाऱ्यास हे कलम, दावा एकदा नामंजूर केल्यानंतरच आठवते. येथे खोटे लिहावे असे आम्ही सुचवीत नाही, तो गुन्हा आहे. ‘डॉक्टरला प्रथम कधी दाखवले?’ एवढाच जास्तीचा प्रश्न विचारून उत्तर तारखेसह लिहावे.

यानंतर खोली. अननुभवी माणसास वाटते की खोलीचे भाडे म्हणजे खोलीचे भाडे. वस्तुतः सर्व बिलाची नाडी तेथे असते. समजा, दोन लाखांच्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत दिवसाला दोन टक्के, म्हणजे 4,000 रुपये भाडे मान्य आहे आणि नातेवाइकांनी, पाहुणे भेटीस येतील या विचाराने, 6,000 रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. कंपनी वरचे दोन हजार कापून थांबेल ही कल्पना भाबडी होय. प्रमाणशीर वजावटीच्या तत्त्वाने शल्यविशारदाचे 45,000 रुपयांचे शुल्कही 30,000 होते, कारण खिडकीला पडदे असलेल्या खोलीत झोपणाऱ्या रुग्णावर केलेले कौशल्य एक-तृतीयांशाने कमी ग्राह्य असते. औषधे, तपासण्या, उपभोग्य वस्तू आणि शरीरात बसविलेली साधने यांना ही कात्री लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. शिवाय दिवसाला पाच हजारांवरील खोलीस 18 जुलै 2022 पासून पाच टक्के जीएसटी बसला. अतिदक्षता विभाग मात्र त्यातून मुक्त आहे. हल्ली आराम महाग आणि चिंता करमुक्त आहे.

आता आपण या शास्त्राच्या गाभाऱ्यात प्रवेश करीत आहोत. विमा नियामकाने किरकोळ बाबींच्या चार याद्या केल्या आहेत. पहिलीतील बाबींचे पैसे कंपनी देत नाही, ते रुग्णाने द्यावेत. दुसरीतील बाबी खोलीच्या भाड्यात, तिसरीतील शस्त्रक्रियेच्या खर्चात आणि चौथीतील उपचारखर्चात समाविष्ट मानाव्यात. मूत्रशल्याच्या कारकुनाने या याद्या मुखोद्गत कराव्यात, कारण विधात्याने त्या जणू त्याच्यासाठीच रचल्या आहेत. युरिन बॅग चौथ्या यादीत आहे, युरिन जग पहिल्या यादीत, आणि बेडपॅन दुसऱ्या. म्हणजे तोच द्रव पिशवीत असेतोवर उपचार, भांड्यात ओतताच रुग्णाची खासगी चैन, आणि अंथरुणाखाली सरकवलेल्या पात्रात गेल्यास निवासव्यवस्थेचा भाग! मूत्रपिंडाच्या आकाराचा किडनी ट्रे पहिल्या यादीत पडतो, मग शस्त्रक्रिया मूत्रपिंडावरची का असेना. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचे आवरण, दाढीचे पाते आणि चित्रफितीची सीडी तिसरीत. फाईल उघडण्याचा खर्च आणि भेटीचा पास दुसरीत. ‘किट’ असा मोघम शब्द तर चुकूनही लिहू नये. तपशील न दिलेले किट थेट पहिल्या यादीत जमा होते. यातील तर्क शोधू जाऊ नये. तर्कशुद्ध माणसे या खात्यात टिकत नाहीत.

प्रोस्टेटच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडण्याची जुनी टीयूआरपी पद्धत सरळ मंजूर होते, परंतु होल्मियम वा ग्रीन लेझरचे नाव काढताच ते ‘आधुनिक उपचारां’च्या कलमाखाली जाते आणि अनेक पॉलिसींत तेथे रकमेची मर्यादा असते. सबब मंजुरीच्या अर्जात एक पद्धत आणि बिलात दुसरी, असे होऊ देऊ नये.

याच अंधेरीत रात्रपाळीला बसून अमेरिकेतील रुग्णांच्या मुतखड्यांची बिले संकेतबद्ध करणारे तरुण आहेत. तेथे दुर्बीण, लेझर आणि स्टेंट हे सर्व 52356 या एका संकेतांकात येते. त्याच बाजूच्या स्टेंटचे पैसे निराळे मागणे हा तेथे ठपका ठरतो. आपल्याकडे तितका संकोच नाही. स्टेंट, लेझर आणि दुर्बीण यांना बिलात तीन स्वतंत्र ओळी द्याव्यात, आणि काही आठवड्यांनी स्टेंट काढण्यास रुग्ण येईल तेव्हा चौथी ओळ नव्या फाईलवर.

शेवटी रवानगी. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी. उशिरामुळे रुग्णालयाचा खर्च वाढल्यास तो कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसावा. घड्याळ विनंती पोहोचल्यावर सुरू होते, हे चाणाक्ष कारकुनाच्या लक्षात आलेच असेल. औषधविक्री विभागाची परती, टंकलिखित सारांश आणि एका सहीसाठी थांबलेली फाईल यांत गेलेला वेळ कोणाच्याच हिशेबी धरला जात नाही. सकाळी दहाला कपडे घालून तयार बसलेल्या रुग्णास ‘टीपीएकडून (म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाकडून) यायचंय’ एवढे सांगावे. ते सदैव खरे असते.

एक गोष्ट मात्र नातेवाइकांस आपण होऊन सांगू नये. दावा नाकारल्यास वा रक्कम कापल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करता येते, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. अंधेरी-बोरिवलीकरांचा अर्ज सांताक्रूझच्या स्वामी विवेकानंद मार्गावरील कार्यालयात जातो आणि घाटकोपर-मुलुंडकरांचा ठाण्यास.