खिडकी बंद, कुंडी चालू

वास्तुशांतीला स्टीलचा डबा द्यायची पद्धत सांगलीतून गेली. आता स्नेक प्लांट देतात. पांढऱ्या कुंडीत उभी चार पानं, कुंडीला सॅटिनची रिबन आणि सोबत तोंडी सूचना : "रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो बरं का, बेडरूममध्येच ठेवा." यजमानीणबाई कुंडी एसीखाली ठेवतात आणि बाहेर धूळ फार म्हणून खिडकीची काच घट्ट लावून घेतात. मग देवघरात धूप, स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी आणि पलंगाखाली डासांची कॉइल. हा सगळा धूर त्या चार पानांनी गिळायचा. नव्या सुनेकडूनही इतक्या अपेक्षा कुणी ठेवत नाही.

साताऱ्यात हाच कार्यक्रम जरा जास्त तोऱ्यात चालतो. हवेचा विषय काढला की सातारकर आधी यवतेश्वराच्या डोंगराकडं बोट दाखवतो. "आमच्या हवेला काय धाड भरलीय? वर कास हाय की!" आणि संध्याकाळी हाच गृहस्थ हायवेच्या कडेच्या नर्सरीत अरेका पामचा भाव करत उभा असतो. नर्सरीवाला त्याला बरोबर ओळखून असतो. "काका, ह्यो हॉलमध्ये ठेवा, दवाखान्याची पायरी चढायला लागायची न्हाई. नासाचा शोध हाय."

नासाचं नाव निघालं की आपला हात आपोआप खिशात जातो. शोध खोटा नाही. 1989 साली नासाचे शास्त्रज्ञ वुल्व्हर्टन यांनी हवाबंद पेट्यांमध्ये रोपं ठेवली, आत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड असे वायू सोडले आणि ते कमी होताना मोजले. डोळ्यांपुढं होतं अंतराळातलं घर, जिथं खिडकी उघडायची सोय नसते. या कामात नासाचा भागीदार कोण होता? अमेरिकेतल्या बागकाम कंत्राटदारांची संघटना. आता कंत्राटदार म्हटल्यावर सांगली-साताऱ्याच्या वाचकाला आणखी काही सांगायला नको.

पुढं 2019 मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत हवेच्या साध्या ये-जा करण्यानं हे वायू जेवढे बाहेर जातात, तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपं लागतील. आपला हॉल दहा बाय पंधरा फुटांचा, म्हणजे साधारण 14 चौरस मीटर. कमीत कमी 140 कुंड्या, जास्तीत जास्त 14 हजार. 140 कुंड्यांत सोफा बाहेर जातो. 14 हजारांत सोफा, टीव्ही आणि पाहुणेही. (या शेवटच्या फायद्याचा विचार व्हावा.) नाहीतर एक खिडकी उघडायची. पण तिला रिबन बांधता येत नाही.

गंमत म्हणजे हे दोन जिल्हे एके काळी हवेवरच माणसं बरी करत होते. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा 1912 साली डॉ. बिलिमोरियांनी पाचगणीत बेल-एअर सॅनिटोरियम काढलं. इकडं सांगली-मिरजेच्या मधे, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलवाल्या डॉ. वानलेस यांच्या नावाच्या वानलेसवाडीत, क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम उभं राहिलं. त्या काळच्या सॅनिटोरियमांचा उपचार काय, तर विश्रांती, सकस खाणं आणि उघडी हवा. हवापालटाला लोक लांबून येत. मनीप्लांट लावून बरा झालेला रोगी मात्र ऐकिवात नाही.

मनीप्लांटवरून आठवलं. तो चोरून आणला तरच वाढतो अशी आपली श्रद्धा आहे, त्यामुळं कॉलनीत एकमेकांच्या बाटल्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं. लक्ष नसतं ते बाटलीतल्या पाण्यावर. डेंगीचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं दारात येतात आणि हवा शुद्ध करणाऱ्या त्या बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवतात. आपण म्हणतो, "शेजारून आल्या असतील." बाटली तिथूनच आलेली असते, तेव्हा हे अगदीच खोटं नाही.

आता बाहेरच्या हवेचं. केंद्र सरकारनं जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या यादीत बसायची अट अशी की पाच वर्षं शहराची हवा मानकांत बसलेली नसावी. सांगलीनं ही अट पूर्ण केली. कधी नव्हे ते सांगलीचं नाव मुंबई-पुण्याच्या पंगतीत आलं, तर त्याचा साधा फ्लेक्ससुद्धा कुणी लावला नाही. सातारा या यादीत नाही, पण म्हणून साताऱ्यानं ऐट मिरवावी असंही काही नाही. पाचट दोन्हीकडं पेटतं. कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, पेपरात फोटो आला, की थोड्याच दिवसांत गच्चीवरच्या वाळवणावर काळी काजळी उतरते. तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊस पेटवला जातो. जळीत ऊस म्हणून कारखाना शेतकऱ्याचे पैसे कापतो. फुफ्फुसाची कपात कुठल्या बिलात दाखवायची, ते अजून ठरायचं आहे.

झाडांवर आपलं प्रेम नाही असं मात्र कुणी म्हणू नये. फक्त ते झाड लिफ्टमध्ये मावलं पाहिजे. रस्ता रुंद करायला आड आलेलं झाड हा अडथळा, आणि त्याच रस्त्यानं टेम्पोतून आलेलं झाड हे आरोग्य. मिरज तालुक्यातल्या भोसे गावच्या लोकांनी 2020 मध्ये हा नियम मोडला. रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणारा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड तोडू नका म्हणून ते अडून बसले आणि रस्त्याची आखणी बदलायला लावली. पुढं तो वड कोसळलाच, पण म्हातारपणानं आणि पावसानं, निविदेनं नव्हे.

तेव्हा कुंडी ठेवा. हिरवं पाहून मनाला बरं वाटतं आणि तेवढ्यासाठी तिची किंमत वसूल आहे. फक्त तिच्याकडून महापालिकेची कामं करून घेऊ नका. सांगलीकरांनो, तुमचा नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा हॉलमधली कुंडी दाखवत बसू नका. शुद्ध हवेसाठी आलेल्या निधीतून आपल्या वॉर्डातला कोणता रस्ता धुळीतून सुटला, एवढं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.